पडद्यावरचा बाण उड्या का मारत होता?

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संगणकाचा एक नवा मॉनिटर आला. सत्तावीस इंची, ज्याला बाजारात ‘फोर-के’ म्हणतात त्या जातीचा. तो घेण्यामागे एक कारण होते. दुसऱ्या वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीची दृष्टी जन्मापासून अधू आहे. ऑसिलोस्कोपच्या तळहाताएवढ्या पडद्यावरची लहर तिला दिसत नाही. शेजारच्या मुलीने सांगायचे आणि हिने आकडे लिहून घ्यायचे, असे वर्षभर चालले होते. आमचा ऑसिलोस्कोप संगणकाला जोडता येतो. तेव्हा मोठा आणि रेखीव पडदा असेल तर हिला स्वतःच्या डोळ्यांनी मोजमाप घेता येईल, असा आमचा विचार होता.

मॉनिटर लावला आणि त्रास सुरू झाला. चित्र दोन-चार सेकंद दिसे, मग पडदा काळा होई, पुन्हा चित्र येई. दुकानातला तंत्रज्ञ आला, त्याने सेटिंगमध्ये काहीतरी बदल केला आणि चित्र स्थिर झाले. आम्ही खूश! पण दुसऱ्याच दिवशी ती विद्यार्थिनी म्हणाली, “सर, माउसचा बाण मध्येच नाहीसा होतो आणि भलतीकडेच उगवतो.” खोटे कशाला बोलू, मला प्रथम वाटले की हा हिच्या डोळ्यांचा दोष असेल. मग स्वतः बसून पाहिले. बाण खरोखरच बेडकासारखा उड्या मारत होता. ज्याची दृष्टी चांगली आहे तो अशा बाणाला कसाबसा शोधून काढतो. तिला ते जमत नव्हते.

अक्षरे तरी मोठी करावीत म्हणून मी पडद्याचे रिझोल्यूशन कमी केले. अक्षरे मोठी झाली, पण धुक्यातून पाहावीत तशी पुसट दिसू लागली. म्हणजे आधीच्यापेक्षा वाईट. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “पॅनेल खराब असेल, कंपनीकडे परत पाठवू, महिनाभर लागेल.” प्रात्यक्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

मॉनिटर परत गेला नाही. का गेला नाही, हे समजण्यासाठी पडद्यावर चित्र कसे उमटते ते आधी पाहू या.

एक सोपा प्रयोग करा. मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण पांढरे चित्र ठेवा आणि बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब काचेवर सोडा. थेंब म्हणजे एक छोटे बहिर्गोल भिंगच. त्यातून पांढरा पडदा पांढरा दिसत नाही. तांबडे, हिरवे आणि निळे ठिपके दिसतात! (थेंब बारीकच असू द्या. फोन घरच्या मोठ्यांचा असेल, तर आधी विचारलेले बरे.) असे तीन रंगांचे ठिपके मिळून एक चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, होतो. नेहमीच्या ‘फुल एचडी’ पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० बिंदू आणि अशा १,०८० ओळी असतात. एकूण २०,७३,६०० बिंदू. आमच्या फोर-के पडद्यावर ३,८४० बिंदूंच्या २,१६० ओळी, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू. बरोबर चौपट. या मांडणीलाच रिझोल्यूशन म्हणतात. आमच्या पडद्याची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर आहे. तिला ३,८४० ने भागा. एक बिंदू एक मिलिमीटरच्या सहाव्या भागाहूनही लहान आहे.

पण चित्र एकदा काढून भागत नाही. ते पुन्हा पुन्हा काढावे लागते. याचे मूळ जुन्या काचेच्या नळीत आहे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये ऋणाग्रकिरणांची नळी बनवली, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे दूरदर्शनसंच आणि संगणकांचे पडदे याच तत्त्वावर चालले. नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि समोरच्या काचेवरील लेपावर आदळतो. तेथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. हा झोत शेत नांगरणाऱ्या शेतकऱ्यासारखा ओळीमागून ओळ काढत खाली जातो. मात्र लेपाचा उजेड क्षणात विझतो. म्हणून तळाशी पोचलेल्या झोताला लगेच वर येऊन सारे चित्र पुन्हा काढावे लागते. दर सेकंदाला चित्र किती वेळा काढले जाते, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट. तो हर्ट्‌झमध्ये सांगतात. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले तेव्हा त्यावरून येणारे चित्र ६२५ ओळींचे होते आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रे येत. लुकलुक जाणवू नये म्हणून प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत दाखवीत, आधी एकाआड एक ओळी आणि मग राहिलेल्या ओळी. त्यामुळे डोळ्यांना सेकंदाला ५० चित्रांचा भास होई.

आम्ही एम. एस्‌सी. करीत होतो तेव्हा असेच नळीचे मॉनिटर होते. त्यांपैकी एकाचे चित्र सतत थरथरत असे. कोणी म्हणे नळी गेली, कोणी म्हणे कार्ड गेले. शेवटी आमच्या सरांनी शेजारचा जाडजूड व्होल्टेज स्टॅबिलायझर उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला लावला. थरथर थांबली! स्टॅबिलायझरमधील ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र आपल्या विजेप्रमाणे सेकंदाला ५० वेळा बदलत होते आणि पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जात होता. दोहोंतील फरक १०, म्हणून चित्र सेकंदाला १० वेळा डुलत होते. ध्वनीच्या धड्यात तुम्ही ‘विस्पंद’ शिकाल, तेच हे; येथे ते डोळ्यांना दिसत होते. असो.

आजचा द्रवस्फटिकांचा, म्हणजे एलसीडी पडदा वेगळ्या रीतीने चालतो. त्याच्या मागे दिवा सतत तेवत असतो आणि पुढे लाखो बारीक झडपा असतात. झडप एकदा जेवढी उघडली तेवढीच ती पुढचा हुकूम येईपर्यंत राहते. म्हणून सेकंदाला तीसच चित्रे आली तरी हा पडदा लुकलुकत नाही. लुकलुकत नसला तरी हलणारी वस्तू मात्र टप्प्याटप्प्याने सरकते. हिशेब करून पाहा. बाण ६० सेंटिमीटरचा पडदा अर्ध्या सेकंदात ओलांडतो असे धरू. सेकंदाला ६० चित्रे असतील तर अर्ध्या सेकंदात त्याची ३० रूपे दिसतील, दोन-दोन सेंटिमीटरवर. ३० चित्रे असतील तर १५ रूपे, चार-चार सेंटिमीटरवर. आमचा बाण चार सेंटिमीटरच्या उड्या मारत होता. सेटिंग उघडून पाहिले तर तेथे ३० हर्ट्‌झ लिहिलेले! तंत्रज्ञाने केलेला ‘काहीतरी बदल’ तो हाच.

आता पुसट अक्षरांचे पाहू. नळीच्या पडद्यावर झोत कमी-जास्त ओळी काढू शकत असे. एलसीडीचे बिंदू मात्र कारखान्यातच ठरलेले असतात. चौकटीचा कागद घ्या आणि एका ओळीत एक चौकट काळी, एक पांढरी अशी रंगवा. आता हीच दोन चौकटींची नक्षी तीन चौकटींत बसवायची आहे. पहिली चौकट काळी, तिसरी पांढरी. मधलीचे काय? तिचा अर्धा भाग काळ्याच्या वाट्याला येतो आणि अर्धा पांढऱ्याच्या, आणि एका चौकटीला तर एकच रंग देता येतो. तेव्हा ती करडी होते. मी रिझोल्यूशन २,५६० × १,४४० केले होते. ३,८४० ला २,५६० ने भागा, उत्तर दीड. म्हणजे दोन चौकटी तीन चौकटींत कोंबण्याचाच खेळ माझ्या हातून झाला होता. प्रत्येक अक्षराची कड करडी झाली. आणि हे कोणासाठी? तर जिला रेखीव कडांची सर्वांत जास्त गरज तिच्यासाठी! माझ्या एम. एस्‌सी.चा येथे काही उपयोग झाला नाही.

खरा उपाय असा की रिझोल्यूशन पडद्याच्या मूळ बिंदूंइतकेच ठेवावे आणि अक्षरे मोठी हवी असतील तर ‘स्केल’ वाढवावे. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ही दोन्ही कलमे एकाखाली एक असतात, म्हणून माझ्यासारख्यांची गल्लत होते. स्केल २०० टक्के केले की संगणक तेच अक्षर दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद, म्हणजे चौपट बिंदू वापरून काढतो. अक्षर मोठेही होते आणि अधिक सुबकही.

अक्षरांचे कोडे सुटले. पण ३० हर्ट्‌झ का? ६० का नाही? येथे गुणाकार कामाला येतो. ८२,९४,४०० बिंदू सेकंदाला ६० वेळा पाठवायचे. शिवाय नळीच्या काळातील एक वारसा आजही चालू आहे. झोताला ओळीच्या टोकाहून परत फिरायला आणि तळाहून वर यायला वेळ लागे, म्हणून प्रत्येक ओळीनंतर आणि प्रत्येक चित्रानंतर थोडा मोकळा वेळ सोडीत. झोत गेला तरी हा रिकामा वेळ राहिला. आता त्यात आवाज वगैरे इतर माहिती पाठवतात. तो धरला तर फोर-के चित्र ४,४०० × २,२५० बिंदूंचे मोजावे लागते. त्याला ६० ने गुणा. सेकंदाला ५९ कोटी ४० लाख बिंदू!

प्रत्येक बिंदूचे तीन रंग, प्रत्येक रंगासाठी ८ बिट. एचडीएमआय केबलमध्ये संदेश बिघडू नये म्हणून या ८ बिटांचे १० बिट करून पाठवतात. म्हणजे एका बिंदूमागे ३० बिट. ५९ कोटी ४० लाख गुणिले ३०, म्हणजे सेकंदाला १,७८२ कोटी बिट. २००९ मध्ये आलेल्या एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीची मर्यादा सेकंदाला १,०२० कोटी बिट होती. २०१३ च्या २.० आवृत्तीची १,८०० कोटी. आता पाहा, ६० हर्ट्‌झचे १,७८२ कोटी नव्या मर्यादेत जेमतेम बसतात, जुन्या मर्यादेत बसतच नाहीत. ३० हर्ट्‌झला याच्या निम्मे, ८९१ कोटी लागतात. ते जुनीतही आरामात बसतात.

आमचा संगणक नवा होता, मॉनिटर नवा होता. दोघांनाही २.० आवृत्ती येत होती. मग अडत होते कोठे? ही सारी आकडेमोड फळ्यावर चालू असताना प्रयोगशाळेतले मामा मागे उभे होते. ते म्हणाले, “सर, ती वायर मी सभागृहातल्या प्रोजेक्टरची काढून लावली आहे. नवीन खोक्यातली आखूड पडत होती.” केबल पाहिली. दहा मीटर लांब, कित्येक वर्षांची.

येथे पदार्थविज्ञान आले. केबलमध्ये रंगांच्या तीन जोड्या असतात. प्रत्येक जोडीवरून सेकंदाला ५९४ कोटी बिट. म्हणजे एक बिट सेकंदाच्या सुमारे सहाशे कोटीव्या भागाइतका टिकतो. केबलमधून संदेश प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगाने जातो, असे धरले तर तेवढ्या वेळात तो साडेतीन सेंटिमीटरही जात नाही. दहा मीटरच्या तारेत एका वेळी असे सुमारे तीनशे बिट एकामागे एक धावत असतात, मुंग्यांच्या रांगेसारखे! वारंवारता जितकी जास्त तितका प्रवाह तारेच्या केवळ पृष्ठभागातून वाहतो, रोध वाढतो, आवरणातही ऊर्जा जिरते. लांब तारेच्या शेवटी येईपर्यंत बिटांच्या कडा बोथट होतात आणि एक कोणता, शून्य कोणते, हे मॉनिटरला ओळखता येत नाही. मग तो पडदा काळा करतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. पहिल्या दिवशी आम्ही हेच पाहिले होते. ३० हर्ट्‌झला बिट दुप्पट वेळ टिकतो, म्हणून तो तग धरून पलीकडे पोचतो.

या ठिकाणी एक खूण सांगून ठेवतो, कारण ती घरीही उपयोगी पडेल. संगणक आणि मॉनिटर जोडल्याबरोबर एकमेकांशी बोलतात. मॉनिटरमध्ये १२८ बाइटांचे एक ओळखपत्र साठवलेले असते. १९९४ पासून त्याचा नमुना ठरलेला आहे. माझे मूळ बिंदू किती, मला किती हर्ट्‌झ चालतात, हे त्यात असते. मजकूर नीट पोचला की नाही हे पाहण्याची युक्तीही छान आहे. १२८ आकड्यांची बेरीज केली तर तिला २५६ ने निःशेष भाग जायलाच हवा. नाही गेला तर मजकूर बिघडला. या ओळखपत्रावरून संगणक रिझोल्यूशन आणि हर्ट्‌झची यादी तयार करतो. पण या बोलण्यात केबलची मर्यादा कोणी विचारतच नाही! म्हणून यादीत ६० असूनही ते निवडल्यावर पडदा काळा होत असेल किंवा चित्रात चांदण्या चमकत असतील, तर आधी केबलवर संशय घ्या. यादीत ६० दिसतच नसेल तर दोष बहुधा दोन टोकांपैकी एकाचा. संगणकाची खाच जुन्या आवृत्तीची असेल, किंवा मॉनिटरच्याच मेनूमध्ये जुनी आवृत्ती निवडलेली असेल.

आणि ओळखपत्रच पोचले नाही तर? निळ्या टोकाच्या, पंधरा पिनांच्या व्हीजीए केबली अजून पुष्कळ शाळांत आहेत. ही खाच १९८७ पासूनची. ओळखपत्र नेणाऱ्या पिनांपैकी एखादी वाकली किंवा स्वस्त केबलमध्ये ती तारच घातलेली नसली, तर चित्र दिसते, पण संगणकाला समोर कोण आहे ते कळत नाही. मग तो सावधपणे ८०० × ६०० किंवा १,०२४ × ७६८ असे काहीतरी निवडतो. ओळखायची युक्ती सोपी. चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये एक वर्तुळ काढा आणि पडद्यावर पट्टी लावून मोजा. १,०२४ × ७६८ चे चित्र रुंद पडद्यावर ताणले असेल तर वर्तुळाची रुंदी उंचीच्या सव्वापटीहून थोडी जास्त भरेल. अशा वेळी संगणकाचे फॉरमॅटिंग करायला धावू नये. आधी दुसरी केबल लावून पाहावी.

वर्गातला टीव्ही संगणकाला जोडल्यावर चित्राच्या चारी कडा कापल्या जातात, ही तक्रारही वरचेवर येते. नळीच्या टीव्हीत कडा वाकड्या येत, म्हणून चित्र मुद्दाम थोडे मोठे करून कडा चौकटीआड लपवीत. कित्येक नव्या टीव्हींनीही ती सवय सोडलेली नाही. टीव्हीच्या मेनूमध्ये चित्राच्या आकाराचे कलम असते, तेथे ती बंद करता येते. यादीत ६० आणि ५९ असे दोन आकडे शेजारी दिसले तर घाबरू नका. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत दूरदर्शनासाठी ६० ला किंचित कमी करून ५९.९४ केले गेले, त्याची ही शेपटी आहे. आणि कोणी १४४ हर्ट्‌झचा महागडा मॉनिटर घेतला असेल तर सेटिंगमध्ये एकदा डोकावून पाहा. आपण होऊन सांगितल्याशिवाय संगणक पुष्कळदा ६० वरच समाधान मानतो. चुकीचा आकडा निवडून पडदा काळा झाला तर काहीच दाबू नका. विंडोज पंधरा सेकंद वाट पाहते आणि उत्तर आले नाही तर जुन्या आकड्यावर परत येते. पंधरा सेकंद फार मोठे वाटतात, हे मात्र खरे.

आमच्या प्रयोगशाळेत मामांनी टेबल भिंतीकडे सरकवले आणि मॉनिटरच्या खोक्यातली दोन मीटरची केबल पुरली. ३,८४० × २,१६०, ६० हर्ट्‌झ, स्केल २०० टक्के. बाण सरळ चालू लागला. त्या विद्यार्थिनीने लहरीच्या एका शिखरावर बाण नेला, मग पुढच्या शिखरावर, आणि आवर्तकाल स्वतः वाचला. परीक्षेत तिला शेजारणीची गरज पडली नाही.

जुनी केबल सभागृहात परत गेली. तेथला प्रोजेक्टर फुल एचडी आहे. त्याला ६० हर्ट्‌झलाही सेकंदाला साडेचारशे कोटींहून कमीच बिट लागतात. ती दहा मीटरची केबल तेथे बिनतक्रार चालू आहे.